जोनेटाची शिफारस

मेकन, जॉर्जिया
१६ नोव्हेंबर १९९६

जोनेटा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. तुझ्या लक्षात सगळं येतं.

ममाने मागे लागून लिहायला बसवलंय. ती म्हणते, "मावसबहिणी तुम्ही, एका पलंगावर झोपून मोठ्या झालात, आणि उन्हाळ्यापासून एकमेकींशी बोलत नाही. लाज वाटू दे." मी म्हटलं, लाज वाटायची तर तिला वाटू दे. डेट्रॉइटला आत्याकडे निघून गेली ती. मी चर्चच्या गायकांबरोबर सवानाला गेले होते, परत येऊन बघते तर पलंगाची तुझी बाजू रिकामी. साधी चिठ्ठी नाही. पण ते जाऊ दे, दोन वर्षं झाली त्याला.

तुझं पत्र ममाने मोठ्याने वाचून दाखवलं. डॅडीला, मला, आणि साखर मागायला आलेल्या मिस वायोलालासुद्धा. तुमच्या शाळेतल्या बाईंनी म्हणे खास तुझ्यासाठी स्कॉलरशिपांची फाईल केलीय, तिला रंगीत पट्ट्या लावल्यात. शनिवारी एकसारखे सूट घातलेल्या क्लबातल्या बायका येतात, तुमच्याकडून निबंध लिहून घेतात, वर सँडविच खाऊ घालतात. मिस वायोला म्हणाली, "बघा, लोरेनच्या पोरीने नाव काढलं." लोरेन मावशी गेली त्यामुळे तुला कुणी काही वाईट बोलतच नाही. ममाचे डोळे भरून आले. माझ्या पोटात दुखायला लागलं, म्हणून मी भांडी घासायला उठले.

इथे कसली फाईल नि कसल्या पट्ट्या. आमच्या शाळेतल्या मिस्टर हॅस्केलकडे सल्ला मागायला गेले, तर म्हणाले, "कॉर्लिस, तुझं टायपिंग झकास आहे. नाहीतर लष्कराचा विचार कर." मी म्हटलं, सर, मला गणितात पहिला वर्ग आहे. तर म्हणाले, "लष्करातही गणित लागतं."

मग मीच शोधायला लागले. शहराच्या ग्रंथालयात स्कॉलरशिपांचं जाडजूड पुस्तक आहे, घरी न्यायला देत नाहीत. मी रोज शाळा सुटली की जाते आणि आपल्यासारख्या काळ्या मुलींना चालेल असं जे काही सापडेल ते उतरवून घेते. लोक कशाकशासाठी पैसे देतात बघ. उंच मुलींना देतात. डावखुऱ्या मुलींना देतात. बदक पाळणाऱ्यांना देतात. काळ्या मुलींसाठी असतात त्यात शेवटच्या ओळीत काहीतरी निघतंच, इंजिनीअर व्हायचं असेल तर, ओहायोची असेल तर, वडील रेल्वेत असतील तर. आई गेलेल्या मुलींसाठी वेगळं आख्खं पान आहे. ते वाचताना माझ्या मनात काय आलं ते मी तुला सांगणार नाही.

मला अटलांटाच्या आपल्या काळ्या मुलींच्या कॉलेजात जायचंय. हो, तुला जायचंय त्याच. जुलैच्या कुटुंबमेळाव्यात सगळे जांभळे टी-शर्ट घालून भाजलेल्या फासळ्या खात बसले होते, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "कॉर्लिसला कॉलेज हवंय, कारण मला हवंय." सगळे हसले. अंकल रूझव्हेल्टच्या नाकातून सोडा आला. त्याला उत्तर मला आता सुचलंय, पण ते मी कॉलेजात गेल्यावर देईन.

कॉर्लिस

---

११ जानेवारी १९९७

जोनेटा,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे ममाला मिळालं, आणि तिने माझ्या नाकासमोर धरलं.

तर तुझ्या त्या फाईलवाल्या बाईंना जॉर्जियाच्या बॅप्टिस्ट भगिनी सेवा मंडळाची स्कॉलरशिप सापडली. चार वर्षांची सगळी फी, राहणं, पुस्तकं. अट एकच, मुलीचा बाप्तिस्मा जॉर्जियातल्या मंडळाच्या चर्चमध्ये झालेला हवा आणि त्याच चर्चच्या पास्टरचं शिफारसपत्र हवं. आता कुठे राहते याला महत्त्व नाही.

मला ती ग्रंथालयातल्या पुस्तकात डिसेंबरातच सापडली होती. तुला कळवली नाही, कारण वर्षाला एकाच मुलीला देतात. आणि मला वाटलं, ही एक तरी डेट्रॉइटपर्यंत पोचणार नाही. बाप्तिस्मा माझा झाला तेव्हा त्याच हौदात माझ्या मागे तू उभी होतीस, हे मी विसरलेच होते. तेव्हाही तू पाण्यात न घाबरता उतरलीस आणि मी किंचाळले.

बाकी सगळ्या बघून झाल्या. ओहायोवाल्या गेल्या, इंजिनीअरवाल्या गेल्या. कॉलेजने मला प्रवेश दिलाय, जाड कागदावर, वर शिक्का. मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत फीचं काय ते दाखवलं नाही तर जागा दुसरीला देणार. डॅडीच्या कारखान्यात पाळ्या कमी केल्यात, ते ममा कुणाला सांगत नाही, तूही बोलू नकोस. जागा गेली तर मी कोंबड्या कापायच्या कारखान्यात जाईन. मिस वायोलाच्या भाचीने माझ्यासाठी शब्दसुद्धा टाकून ठेवलाय. म्हणजे माझं काय पणाला लागलंय ते तुला कळलं असेल.

आता तू विचारतेस, आपल्या पास्टरकडून, रेव्हरंडकडून, तुझं पत्र मी आणून देईन का. तुला माहीत आहे ना, शनिवारी चर्चच्या ऑफिसात टायपिंग कोण करतं? बरोबर ओळखलंस.

कॉर्लिस

---

१ फेब्रुवारी १९९७

जोनेटा,

तुझं काम झालं. पत्र काल पोस्टात पडलं, आता कुणाला काही करता यायचं नाही. म्हणून आज सांगते.

आमच्या रेव्हरंडची पद्धत तू विसरली असशील. कुणाची शिफारस हवी असली की ते खुर्चीत मागे रेलतात आणि म्हणतात, "कॉर्लिस बेटा, ते नेहमीचं काढ." नेहमीचं म्हणजे खणातला एक कागद. 'सदर तरुणी उत्तम ख्रिस्ती आचरणाची असून चर्च व समाज यांचे भूषण आहे.' नाव बदलायचं, तारीख बदलायची, सही. चर्चचा कारभार बघणारे डीकन ग्रेडी, त्यांच्या पोरीला, जी इस्टरलासुद्धा येत नाही, तिलाही तेच गेलंय.

माझं पत्र मी तसंच टाईप केलं, वर दोन-चार विशेषणं जास्त घातली. विनयशील घातलं. आज्ञाधारक घातलं. 'प्रार्थनेत अग्रेसर' हेही. रेव्हरंडनी वाचलं नाही, सही केली.

मग तुझं. म्हणाले, "लोरेनची मुलगी ना? तू तिला ओळखतेस, तूच लिही दोन शब्द. सत्य लिही." आणि फोनवर बोलायला लागले.

सत्य म्हणाले ते. मी सत्यच लिहिलं. भूषणबिषण काही नाही. 'सदर मुलगी मोठ्यांचा मान ठेवत नाही,' असं सुरू केलं. अकराव्या वर्षी पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दारावर, लोकांना आत सोडायच्या कामावर, उभी असताना तू प्रार्थना संपेपर्यंत डीकन ग्रेडीला बाहेर थांबवलंस, आणि ते "मी डीकन आहे" म्हणाले तेव्हा "मग तुम्हाला तर नियम पाठ असेल" असं म्हणालीस, ते लिहिलं. रविवारच्या शाळेत अब्राहाम इतका श्रीमंत होता तर स्वतःच्या मुलाची आई असलेल्या हागार दासीला नुसती भाकर आणि पाण्याची पिशवी देऊन घरातून का काढलं, एक गाढव तरी द्यायचं, म्हणून रेव्हरंडना तू भर वर्गात गप्प केलंस, तेही. मिस्टर हॅस्केलने तुला बीजगणिताऐवजी केशरचनेच्या वर्गात टाकलं, तेव्हा रोज दुपारी डबा घेऊन त्याच्या दाराशी जाऊन बसायचीस आणि तो कंटाळून वर्ग बदलेपर्यंत उठली नाहीस. तिथे मी 'अत्यंत हट्टी' असा शब्द वापरला.

आणि मावशीचं. तेही लिहिलं. मावशीला पुरून आलो, चर्चच्या तळघरात बायकांनी घरून भांड्यांतून आणलेलं जेवण झालं, आम्ही सगळ्या रडत होतो आणि तू बायांना कुणाचं भांडं कुठलं ते विचारत हिंडत होतीस. प्रत्येक भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलंस. आठवड्याच्या आत घरोघर जाऊन घासलेली भांडी परत दिलीस, दारात उभं राहून आभार मानलेस. डोळ्यातून टिपूस नाही. मी लिहिलं, 'मन कोरडं आहे.'

शेवटी लिहिलं की सदर मुलीने माझे निळे बूट नेले ते आणून दिले नाहीत. ते वाक्य मग खोडलं, कारण सही रेव्हरंडची होती. ती त्यांनी फोनवर बोलता बोलताच केली, न वाचता.

पान पाठीमागूनही भरलं. वाचून बघितलं आणि मला फार बरं वाटलं. तुझ्याबद्दल कुणी तरी एकदा खरं बोललं.

कॉर्लिस

---

२२ फेब्रुवारी १९९७

जोनेटा,

एवढंच लिहिलंस? 'तुला जे योग्य वाटलं ते लिहिलंस.' संपलं?

मला वाटलं होतं तू फोन करशील, आरडाओरडा करशील, ममाला सांगशील, मंडळाला कळवशील की पत्र खोटं आहे. मी दोन दिवस फोन वाजला की दचकत होते. आणि तू काय, ओळभर लिहून पाकीट बंद केलंस. हेच मला तुझं सहन होत नाही. भांडणातसुद्धा तू माझ्याहून वरचढ. तुला राग येऊन दाखवायला काय होतं गं?

ऐक मग. ग्रंथालयात ते आई गेलेल्या मुलींचं पान वाचताना मला काय वाटलं, ते सांगते. मला वाटलं, बघा, हिच्याकडे हेही आहे. माझी आई जिवंत आहे, बाप घरी आहे, कुणी तुरुंगात नाही, घराला आग लागली नाही. प्रत्येक अर्जात विचारतात, 'तुमच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग लिहा.' मी काय लिहू? मी तीन वेळा लिहायला बसले आणि तीनही वेळा तूच आलीस. रिकाम्या पलंगाचं लिहिलं आणि फाडून टाकलं. त्यांना असलं चालत नाही.

तर असा हेवा मी केला. मावशीला जाऊन चार वर्षं झाली नाहीत, आणि मी तिच्या मरणाचा हेवा केला. आता तरी ओरड.

डॅडीला आता आठवड्यात दोनच पाळ्या आहेत.

कॉर्लिस

---

९ मार्च १९९७, रविवार

जोनेटा,

निकाल ममाने तुला फोनवर सांगितला, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. पण काय झालं ते तिने धड सांगितलं नाही, कारण ती मध्येमध्ये हसत होती. मी सांगते. मला सांगायलाच हवं, नाहीतर मी फुटेन.

आज महिला दिनाची उपासना होती. तुला माहीत आहे, सगळ्या बायका नखशिखांत पांढऱ्या, टोप्या एवढाल्या की मागच्याला वेदी दिसू नये. भगिनी मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून सगळे मदर म्हणतात त्या मदर ओडेसा प्रुइट पाहुण्या होत्या. त्यांचं वय किती ते देवालाच माहीत, पण आवाज असा की खिडक्या हलतात. निकाल त्या उपासनेतच जाहीर करणार होत्या, कारण यंदा मेकनच्या आमच्या चर्चमधून दोन अर्ज होते. ममाने मला पांढरा ड्रेस शिवला होता. मी पहिल्या रांगेत बसले होते, हसू तयार ठेवून.

मदर ओडेसा उठल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "मी कितीतरी वर्षं पास्टर लोकांची शिफारसपत्रं वाचतेय. सगळ्यांची मुलगी उत्तम ख्रिस्ती, सगळ्यांची मुलगी भूषण. वाचून वाचून मला कळेनासं झालं की जॉर्जियात एकच मुलगी आहे की काय."

लोक हसले. माझं हसू तिथेच आटलं.

"पण यंदा," त्या म्हणाल्या, "एका पास्टरनी खरं पत्र लिहिलं." आणि पर्समधून कागद काढला. दोन्ही बाजूंनी भरलेला.

जोनेटा, त्यांनी ते वाचलं. सगळं. पहिलंच वाक्य, 'सदर मुलगी मोठ्यांचा मान ठेवत नाही.' बायकांच्या हातातले पंखे थांबले. मला वाटलं, आता हिची खरडपट्टी निघणार, आणि खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं. मग डीकन ग्रेडीला दाराबाहेर थांबवल्याचं आलं, आणि मागच्या बाकावरून मिस वायोला ओरडली, "थांबवायलाच हवं होतं!" सगळं चर्च हसलं. डीकन ग्रेडी स्वतः हसत मान हलवत होते. हागारच्या गाढवाचं आलं तर बायका उठून उभ्या राहिल्या. "सांग, मुली, सांग," असं म्हणत पंखे हलवत होत्या. मिस्टर हॅस्केलच्या दाराशी बसल्याचं आलं तेव्हा ऑर्गनवाल्याने मध्येच एक तान मारली. 'अत्यंत हट्टी' म्हटल्यावर आमेन. आमेन, जोनेटा. मी शिव्या म्हणून लिहिलं होतं आणि ते आमेन म्हणत होते. आयुष्यभर याच बाकांवर बसले आणि आपल्या बायका कशाला आमेन म्हणतात ते मला कळलं नाही.

मग भांड्यांचं आलं. तिथे मदर ओडेसांचा आवाज हळू झाला. मागे कुणी तरी म्हणालं, "माझा काचेचा बोल तिने आणून दिला होता." दुसरी म्हणाली, "माझी कढई." एकेक करून बायका सांगायला लागल्या. 'मन कोरडं आहे' हे वाक्य मदर ओडेसांनी वाचलंच नाही. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "ही मुलगी मंडळाला हवी." आणि तुझं नाव घेतलं.

रेव्हरंड उठले आणि छातीवर हात ठेवून सगळ्यांना वाकून नमस्कार करायला लागले. म्हणाले, "पवित्र आत्म्याने सुचवलं ते लिहिलं." टाळ्या मीही वाजवल्या. बोलणार काय?

खाली तळघरात जेवताना मदर ओडेसा माझ्यापाशी आल्या. ताटात कोंबडी घेता घेता म्हणाल्या, "तुझं पत्र पण वाचलं हं, बेटा. फार छान होतं. पण मला त्यात तू कुठे सापडली नाहीस."

घरी येताना गाडी ममा चालवत होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "चिकटपट्टीचं रेव्हरंडना कुठून माहीत? ती पट्टी माझ्या खणातली होती." मी खिडकीबाहेर बघायला लागले. "तू लिहिलंस." मी म्हटलं, "वाईट लिहिलं होतं, ममा. तिला मिळू नये म्हणून लिहिलं होतं." ममाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि मला वाटलं रडतेय. हसत होती. टोपी पायाशी पडली तरी हसत होती. डॅडी मागून म्हणाला, "कॉर्लिस, माझ्याबद्दलही असंच वाईट लिहून दे कुठेतरी. नोकरी लागेल."

मला हसू आलं नाही. मी खोलीत येऊन आधी उशी भिंतीवर फेकली आणि मग हे लिहायला बसले. तुझं अभिनंदन मी करत नाहीये.

कॉर्लिस

---

५ एप्रिल १९९७

प्रिय जोनेटा,

लिहिलं. बघितलंस ना.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू लिहितेस, मंडळाने तुला त्या पत्राची नक्कल पाठवली, तू ती तुझ्या बाईंना दाखवली नाहीस, क्लबातल्या बायकांनाही नाही. मावशी गेल्यानंतर लोक तुझ्याशी गोडच बोलत आले, आणि तू कशी आहेस ते कुणी बघितलंच नाही. रात्री ते वाचून तू रडलीस. भांड्यांशी आलीस तेव्हा रडलीस. मावशीसाठी पहिल्यांदाच. हे वाचून मला कसं झालं ते मला नीट सांगता येणार नाही. रागही आला. रडण्याचं श्रेय मला आणि स्कॉलरशिप तुला.

मी अजून जळतेय, ते तुला खोटं सांगणार नाही. तू त्याच कॉलेजात जाणार, त्याच जिन्यावरून चढणार. काल कोंबड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलं, रबरी बुटांचं माप मागितलंय. ममाने तो कागद फ्रीजवर लावला आणि मग काढून खणात ठेवला.

पण एक आहे. ग्रंथालयातल्या मिसेस टिलरींनी सोमवारी मला हाक मारली. अटलांटाच्या काळ्या बायकांच्या एका मंडळाने यंदा नवीनच स्कॉलरशिप काढलीय. पुस्तकात नाही, त्यांना पत्राने कळलं. अर्ज मी भरला. निबंधात कठीण प्रसंग म्हणून रिकामा पलंगच लिहिला, चालो न चालो. पण त्यांना शिफारस पास्टरची नको, शिक्षकांची नको. मुलीला जवळून ओळखणाऱ्या तिच्याच वयाच्या मुलीची हवी.

माझ्या मैत्रिणी लिहितील. त्या लिहितील, कॉर्लिस फार छान आहे. मला ते पत्र आता माहीत आहे.

तू लिही. मी तुझ्याविषयी लिहिलं तसं लिही. तू दाखवत नाहीस तो सगळा राग तिथे काढ. मी तुझ्या आईच्या मरणाचा हेवा केला, तो लिही. ग्रंथालयात सापडलेली स्कॉलरशिप तुझ्यापासून लपवली, ती लिही. मेळाव्यात तू म्हणालीस ते खरं होतं, मला कॉलेज आधी तुझ्यामुळेच हवंसं वाटलं, तेही लिही. मग त्याउपर काही उरलं तर तेही लिही. पण एका शब्दाने मला सांभाळून घेऊ नकोस, आणि भूषण म्हणालीस तर मी डेट्रॉइटला येऊन तुझे केस ओढेन.

पत्र मला दाखवायचं नाही. पत्ता मागे लिहिलाय, थेट त्यांना पाठव. पंचवीस तारखेच्या आत पोचायला हवं. तू काय लिहिशील याची मला फार भीती वाटतेय, आणि तरी दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटत नाही.

तुझी,
कॉर्लिस